‘आणि’ व ‘किंवा’ यांचा हिशेब
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बियाणे, खते, फवारणी याबद्दल आपण नेहमी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. आज दोन लहानशा शब्दांबद्दल बोलायचे आहे. एक ‘आणि’, दुसरा ‘किंवा’. तुम्ही म्हणाल, हे तर पोरांच्या व्याकरणाचे झाले. पण तसे नाही. पाऊस येईल की ताण देईल, भाव टिकेल की पडेल, कीड येईल की टळेल, असा एकेका गोष्टीचा अंदाज आपण बांधतोच. गोंधळ होतो तो दोन बेभरवशाच्या गोष्टी एकत्र आल्या की. ‘हे किंवा ते घडेल’ आणि ‘हे आणि तेही घडेल’ यांच्या हिशेबात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ध्यानात न आल्यामुळे कितीतरी घरांचे पैसे गेले आहेत.

हा हिशेब शिकायला आपण मुंबईला जाऊ, गिरणगावात. लालबाग, परळ, दादर ही नावे तुम्हांला परकी नाहीत. आपल्या शेतातला कापूस तिथल्या गिरण्यांत जात होता. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची आपली माणसे तिथे साच्यावर आणि मागावर उभी राहत होती. आणि तिथेच एक जुगार चालत होता, ज्यात हा हिशेब अगदी बोटांवर मोजता येतो.

कापसाच्या भावावरचा जुगार

हा जुगार म्हणजे मटका, म्हणजेच आकडा. त्याचा जन्म कापसाच्या बाजारात झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दिवस उघडताना जो भाव निघे आणि बंद होताना जो भाव असे, ते दोन्ही भाव तारेने मुंबईला येत. त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. उघडता भाव म्हणजे ‘ओपन’ आणि बंद होताना असलेला भाव म्हणजे ‘क्लोज’. १९६१ साली ते भाव येणे थांबले, पण जुगार थांबला नाही. आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून काढण्याची रीत पडली, म्हणून नाव पडले मटका. १९६२ साली वरळीत कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी हा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला. पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. एकदा ओपनसाठी, एकदा क्लोजसाठी.

गिरण्यांच्या आसपास आकडा घेणारे बसत. पगाराच्या दिवशी पाकिटातला काही पैसा गावाकडच्या मनीऑर्डरीऐवजी तिकडे जाई. १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याने हा खेळ गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा हिशेबाची समज माणसाला जास्त आवरते. म्हणून आज आपण हिशेबच बघू.

फुलीवरची शंभर झाडे

ओपनला शून्यापासून नऊपर्यंत दहांपैकी एक अंक येतो. क्लोजलाही तसाच. दहाही अंकांची शक्यता सारखी आहे आणि कोणी लबाडी करीत नाही, असे आपण धरून चालू. म्हणजे पाच हा अंक ओपनला येण्याची शक्यता दहात एक आणि क्लोजला येण्याचीही दहात एक.

आता एखादा भिडू म्हणतो, “मी पाच ओपनलाही लावतो आणि क्लोजलाही लावतो. कुठेतरी लागेलच. दहात एक आणि दहात एक मिळून दहात दोन. म्हणजे शंभर रात्रींत वीस वेळा मी जिंकणार.”

बरोबर आहे का? बघू या.

आपण कापूस फुलीवर लावतो, तसे एक छोटे वावर डोळ्यांपुढे आणा. दहा ओळी आडव्या, दहा ओळी उभ्या. प्रत्येक फुलीवर एक झाड, एकूण शंभर झाडे. आडवी ओळ म्हणजे ओपनचा अंक, उभी ओळ म्हणजे क्लोजचा अंक. प्रत्येक झाड म्हणजे रात्रीचा एक निकाल, आणि सगळी झाडे सारख्या शक्यतेची.

ओपनला पाच आला, अशी झाडे किती? पाचाची पूर्ण आडवी ओळ, म्हणजे दहा झाडे. क्लोजला पाच आला, अशी झाडे किती? पाचाची पूर्ण उभी ओळ, म्हणजे दहा. आता दोन्ही ओळींतील झाडांना चुन्याने खुणा करीत चला. किती झाडांना खूण झाली? वीस नव्हे, एकोणीस! कारण जिथे आडवी आणि उभी ओळ एकमेकींना छेदतात, तिथले झाड दोन्ही ओळींत आहे. ते आपण दोनदा मोजले होते.

हा झाला ‘किंवा’चा हिशेब. पहिल्याची झाडे आणि दुसऱ्याची झाडे मिळवा, आणि दोन्हींत असलेली एकदा वजा करा. दहा अधिक दहा, वजा एक, बरोबर एकोणीस.

आणि ओळी छेदतात तिथले ते एकुलते झाड म्हणजे ‘आणि’. ओपनलाही पाच आणि क्लोजलाही पाच. शंभरात एक. तुमच्या घरातली शाळकरी मुले ‘किंवा’ला संयोग म्हणतील आणि ‘आणि’ला छेद म्हणतील. नाव काहीही द्या, झाडे तितकीच राहतात.

अजून एक ताळा करून बघा. ज्यांना खूण नाही अशी झाडे किती? पाच सोडून नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या ओळी, नवा नवे एक्याऐंशी. शंभरातून एक्याऐंशी गेले, उरले एकोणीस. दोन्हीकडून उत्तर एकच आले. ही उलटी रीत फार कामाची आहे. ‘दोहोंपैकी निदान एक तरी’ असे विचारले की आधी ‘एकही नाही’ मोजावे आणि शंभरातून वजा करावे.

मात्र कधी कधी सरळ बेरीजही बरोबर येते. ओपनला पाच किंवा ओपनला सात असे विचारले, तर दहा आणि दहा मिळून वीसच झाडे. कारण एका ओपनला पाच आणि सात दोन्ही येऊच शकत नाहीत. त्या दोन्ही आडव्या ओळी. त्या एकमेकींना छेदतच नाहीत. म्हणून बेरीज करण्याआधी विचारावे, या दोन गोष्टी एका वेळी घडू शकतात का?

पैसा कुठे जातो?

आता पैशाचे बघू. समजा, एका अंकाला रुपयामागे नऊ रुपये मिळतात आणि जोडीला, म्हणजे ओपन आणि क्लोज दोन्ही बरोबर आले तर, रुपयामागे नव्वद मिळतात. नव्वद ऐकले की तोंडाला पाणी सुटते.

पण आपल्या वावरात या. जोडी म्हणजे शंभरात एकच झाड. शंभर रात्री रुपया-रुपया लावला, तर शंभर रुपये गेले. सरासरीने एकदा जोडी लागली, नव्वद आले. घाटा दहा रुपये. सुट्या अंकाचेही तसेच. शंभर रुपये लावले, दहा वेळा नऊ-नऊ आले, म्हणजे नव्वद. दोन्हीकडे पैसे लावणारा तो भिडू शंभर रात्रींत दोनशे रुपये लावतो, परत एकशे ऐंशी येतात. वीस रुपये गेले. एकोणीस रात्री तो हसत घरी येईल, एक्याऐंशी रात्री हात चोळीत येईल. एखादा नशीबवान चार रात्री कमावेलही. पण खेळत राहणाऱ्याच्या दर रुपयातले दहा पैसे धंदा चालवणाऱ्याच्या पेटीत जातात. त्याला लबाडी करण्याचीही गरज नाही. ‘आणि’ व ‘किंवा’ हे दोन शब्दच त्याचे काम करतात.

दुसरी एक भूल. ओपनला पाच आला की जोडी लावणाऱ्याला वाटते, “अर्धे काम झाले, आता क्लोज आपलाच.” तसे होत नाही. क्लोज पाच येण्याची शक्यता तेव्हाही दहात एकच असते. किंवा कोणी म्हणतो, “पाच कितीतरी दिवसांत आला नाही, आता यायलाच हवा.” पत्त्यांना काल काय आले ते आठवत नसते. आता आकडा मोबाईलवरही खेळला जातो. खेळण्याची जागा बदलली, वावरातली झाडे मात्र शंभरच आहेत.

शेत आणि गिरणी

आता जुगार सोडून संसाराकडे वळू. तिथे हा हिशेब याहून मोलाचा आहे.

गिरणगावात राहणाऱ्या कुटुंबाचे पुष्कळदा दोन आधार असत. गावी शेत आणि मुंबईत गिरणी. आकडे मी उदाहरणासाठी घेतो. समजा, शेत दहा वर्षांत दोनदा बुडते आणि गिरणीचा पगार दहा वर्षांत एकदा अडतो. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही, असे धरू. मग शंभर वर्षांचा हिशेब कसा होईल? शेत बुडाले अशी वीस वर्षे. गिरणी अडली अशी दहा. दोन्ही एकदम? वीसचा दहावा हिस्सा, म्हणजे दोन. तेव्हा शेत किंवा गिरणी, कुठेतरी अडचण आली अशी वर्षे वीस अधिक दहा, वजा दोन, म्हणजे अठ्ठावीस. अडचण वारंवार येणार. पण शेत आणि गिरणी दोन्ही एकदम गेले, चूल विझायची वेळ आली, अशी वर्षे फक्त दोन. दोन आधार ठेवण्याचा फायदा हा असा आहे. १९७२ च्या दुष्काळात शेते करपली, पण मुंबईच्या गिरण्या चालू होत्या. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीने त्या वर्षी कितीतरी घरांना हात दिला.

आता दुसरे घर घ्या. त्यांचे दोन मुलगे. एक परळच्या गिरणीत, दुसरा लालबागच्या गिरणीत. शेत विकून टाकलेले. घरचे म्हणत, “दोन वेगळ्या गिरण्या आहेत, एक बंद पडली तर दुसरी आहेच.” हिशेब वरवर बरोबर वाटतो. प्रत्येक गिरणी दहात एकदा अडते, तर दोन्ही अडण्याची शक्यता शंभरात एक.

पण १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. एक गिरणी बंद आणि दुसरी चालू, असे झाले नाही. परळची थांबली, लालबागची थांबली, वरळीची थांबली. संप रीतसर मिटलाच नाही. हजारो कामगारांची नोकरी कायमची गेली, कित्येकांनी गावचा रस्ता धरला. ज्यांचे गावी शेत होते, त्यांना निदान भाकर होती. ज्यांचे दोन्ही मुलगे गिरणीत होते, त्यांचे दोन्ही आधार एकाच दिवशी गेले.

चूक कुठे झाली? दहात एकाला दहात एकाने गुणून शंभरात एक काढले, तिथे. असा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम नसतो आणि दोघींमागे एकच कारणही नसते. दोन गिरण्यांना दोन भोंगे होते, पण धंदा एक, संघटना एक, संकटही एक. तिथे दोन्ही एकदम अडण्याची शक्यता शंभरात एक नव्हे, जवळजवळ दहात एकच होती.

इथे एक बारीक गोष्ट बघा. संबंध नसलेल्या दोन गिरण्या धरल्या, तर ‘किंवा’ची वर्षे एकोणीस आणि ‘आणि’चे एक. एकूण वीस. पूर्ण बांधलेल्या दोन गिरण्या धरल्या, तर ‘किंवा’ची दहा आणि ‘आणि’चीही दहा. एकूण पुन्हा वीसच. म्हणजे बांधलेल्या गोष्टींत बारीकसारीक अडचणी कमी दिसतात, बरे चालले आहे असे वाटते. पण जी अडचण येते ती सगळे एकदम घेऊन जाते.

आपल्या वावरात

आता घरी या. पाच एकर कापूस इथे आणि पाच एकर कापूस शिवाराच्या दुसऱ्या टोकाला, हे दोन आधार झाले का? नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा विदर्भात आणि मराठवाड्यात तिने एक वावर खाल्ले आणि शेजारचे सोडले, असे केले नाही. भाव पडतो तोही दोन्ही वावरांचा एकदमच पडतो. पावसावरचे पीक आणि उथळ विहीर हेही दोन आधार नव्हेत. जो पाऊस पिकाला दगा देतो, तोच विहिरीलाही कोरडी ठेवतो.

कापसात तुरीच्या ओळी, दारात चार शेळ्या किंवा दुभते जनावर, घरात एखाद्याचा वेगळा धंदा, यांत संबंध जरा सुटतो. पूर्ण सुटत नाही, कारण दुष्काळात चाराही महाग होतो. पण बोंडअळी शेळीला लागत नाही. नवा जोडधंदा निवडताना ‘नफा किती’ या प्रश्नाबरोबर दुसरा प्रश्न विचारा. “माझे शेत बुडेल त्या वर्षी हासुद्धा बुडेल का?”

हवामानाचा अंदाज ऐकतानाही हेच दोन शब्द कामी येतात. ‘जिल्ह्यात पाऊस पडेल’ म्हणजे या गावी किंवा त्या गावी किंवा आणखी कुठे. तो ‘किंवा’ आहे. तुमच्या शिवारात पडेलच असा त्याचा अर्थ नाही. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हटले तर पाव भागापर्यंतच ठिकाणी पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्या ते पाऊण आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे पाऊण भागाहून अधिक ठिकाणी. हे शब्द ऐकून मगच पेरणीचा विचार करावा. २६ जुलै २००५ चे उदाहरण घ्या. मुंबईत त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाब्याला साधारण ७४ मिलिमीटर. ‘मुंबईत पाऊस झाला’ हे वाक्य दोन्हीकडे खरे, पण केवढा फरक!

आणि ‘आणि’चे उदाहरण हवे तर दादर-परळमधले हिंदमाता बघा. जागा सखल. जोराचा पाऊस आणि समुद्राची मोठी भरती एका वेळी आली की पाण्याला समुद्रात जायला वाट राहत नाही आणि ते तिथे साचते. यातली भरतीची वेळ तक्त्यात आधीच छापलेली असते. भरती आहे हे ठाऊक असले, की मग एकट्या पावसाचाच अंदाज घ्यायचा उरतो. आपल्याकडेही तसेच आहे. फवारणीला वारा शांत हवा आणि पुढे काही तास पाऊस नको. वारा शांत आहे हे डोळ्यांनी दिसले की उरलेला प्रश्न फक्त पावसाचा. जी गोष्ट आधी पक्की कळते ती पक्की करून घ्यावी, म्हणजे अंदाजाचे ओझे निम्मे होते.

लक्षात ठेवा

१. ‘किंवा’ असेल तर शक्यता वाढते. दोन्हींची बेरीज करा, पण दोन्हींत येणारा भाग एकदा वजा करा.

२. दोन गोष्टी एका वेळी घडूच शकत नसतील, तरच सरळ बेरीज चालते.

३. ‘आणि’ असेल तर शक्यता घटते. गुणाकार करा, पण दोहोंचा एकमेकांशी संबंध नसेल तरच.

४. ‘निदान एक तरी’ हवे असेल, तर ‘एकही नाही’ मोजून शंभरातून वजा करा.

५. दोन आधार एकाच कारणाने पडत असतील, तर तो एकच आधार समजावा.

श्रोता मंडळात चर्चेसाठी

एका शेतकऱ्याच्या दोन विहिरींवर दोन मोटारी आहेत. प्रत्येक मोटार ऐन पाळीच्या दिवशी बंद असण्याची शक्यता दहात एक. एक चालली तरी भिजवणी होते. भिजवणी अडण्याची शक्यता किती? आणि दोन्ही मोटारी एकाच डीपीवर असून बिघाड बहुतेक वेळा डीपीतच होत असेल, तर? सगळ्यांनी मिळून हिशेब करावा. घरातल्या शाळकरी मुलामुलींनाही बसवावे. पुढच्या वेळी आपण उत्तर ताडून पाहू.